पिंगळीला राहिलेला फोटो

परभणी

दिवाळीच्या सुटीत परभणीला जाणार म्हटल्यावर आमच्या कॉलेजातल्या सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, तिथे आहे काय? मी मिरजेला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते आणि उरलेला वेळ आणि बराचसा पगार फोटोग्राफीत घालवते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे वेरूळ-अजिंठ्याचा सल्ला तर प्रत्येकाने दिला. मला मात्र वाफेची इंजिनं हवी होती. परभणीपासून तासाभरावर पूर्णा जंक्शन आहे आणि तिथल्या मीटरगेज रुळांवर ती अजून दिवसभर धूर सोडत हिंडतात, असं माझी शाळेतली मैत्रीण कुसुम दर पत्रात लिहायची. कुसुम परभणीच्या शेतकी विद्यापीठात शिकवते. ती तिकडे राहायला गेल्यापासून बोलावत होती आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत होते. यंदा तिने लिहिलं, रूळ रुंद करायचं चाललंय म्हणतात, मग बस इंजिनाच्या आठवणी काढत. म्हणून निघाले.

मिरजेहून परभणी गाठेपर्यंत किती गाड्या बदलल्या ते सांगत बसत नाही. सामान मात्र सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. चार साड्या आणि एक जड पिशवी. पिशवीत दोन कॅमेरे. जुना रशियन, एका बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेला, वजनाला खलबत्त्याइतका. त्याला मीटर नाही, उजेड आपला आपण डोळ्यांनी मोजायचा. नवा जपानी, कुसुमच्या दिराने दुबईहून आणून दिलेला. त्याला डोळा लावला की आत एक काटा हलतो आणि उजेड किती ते सांगतो. जुन्याला पन्नासची एकच लेन्स. नव्याला दोन, लांबचं जवळ आणणारी एकशे पस्तीसची आणि अख्खी खोली एका नजरेत घेणारी अठ्ठावीसची. जुन्याची लेन्स आट्यांवर फिरवून बसते, नव्याच्या खटका देऊन. त्यामुळे एकाची दुसऱ्याला चालत नाही. एका पिशवीत दोन चुली मांडल्यासारखा प्रकार. पण नवा कॅमेरा हातात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत मला जुन्याकडे बघावंसंही वाटत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी कुसुम म्हणाली, "उद्या सकाळी सुशीला आहे, लवकर उठ." मी समजले कोणी पाहुणी येणार. सकाळी नीट साडी नेसून, नव्या कॅमेऱ्यात रोल भरून, खिडकीजवळ खुर्ची मांडून बसले. म्हटलं, सुशीलाबाईंचा फोटो खिडकीच्या उजेडात छान येईल. थोड्या वेळाने कुसुमने माझ्या हातात बशी दिली. भिजवलेले चुरमुरे, त्यावर कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी, वर कोथिंबीर. ही सुशीला. आमच्याकडे चुरमुऱ्याला पाण्याचा थेंब लागला तर भडंग वाया गेलं म्हणून घर डोक्यावर घेतात, इथे ते मुद्दाम पाण्यात बुडवून काढतात. मी दोनदा घेतलं. फोटोही काढला, बशीचा.

दुपारी बाजारात हिंडले. परभणीच्या बाजारात गळ्यात कॅमेरा घेतलेली बाई हे एक नवलच होतं. दर दहा पावलांवर कोणीतरी विचारायचं, पेपरवाल्या का? नाही म्हटलं की थोडी निराशा, थोडी सुटका. भिंतींवर निळ्या अक्षरांत विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, काही ठिकाणी त्यांच्यावर चुना फासला होता आणि चुन्यावर पुन्हा निळी अक्षरं उमटली होती. मी कॅमेरा वर केला तेव्हा कुसुमने हळूच माझं कोपर खाली दाबलं. इथे भिंतीचा फोटो काढला तरी कुणाच्या बाजूने काढला असं विचारतात, ती म्हणाली. मग मी भिंत सोडून एका बोहारणीचा फोटो घेतला, आणि ती बाजू कुठली हे कुणी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र तिथे शिकले. परभणीच्या धुळीत भर रस्त्यात लेन्स बदलू नये. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि कॅमेऱ्याचं पोट उघडं दिसलं की आत शिरतेच. संध्याकाळी कुसुमच्या पलंगावर मऊ ब्रशने आणि रबरी फुग्याने मी तासभर कॅमेरा झाडत बसले होते. कुसुमचे यजमान दारातून बघत होते. लहान बाळाचंही कुणी इतकं करत नाही, एवढंच म्हणून ते पेपर वाचायला गेले.

पिंगळी

दुसऱ्या दिवशी कुसुमला पिंगळीजवळच्या एका गावात जायचं होतं. विद्यापीठातर्फे बायकांना आहाराबद्दल चार गोष्टी सांगायच्या असं तिचं काम, पण तिथे गेल्यावर कळलं की बायकाच तिला चार गोष्टी सांगतात आणि ती वहीत लिहून घेते. मीही बरोबर निघाले.

पॅसेंजर पिंगळीला थांबली की स्टेशनवर उतरणाऱ्यांपेक्षा कोंबड्या जास्त दिसतात. तिथून अर्धा तास चालत. आमच्या कृष्णाकाठी शेत म्हणजे दोन्हीकडे उसाची भिंत, माणूस आत शिरला की दिसत नाही. इथे नजर सुटली की सुटलीच. काळं सपाट शिवार, त्यात फुटलेला कापूस, तुरीला पिवळी फुलं, मध्येच एखादी बाभूळ. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर असं आभाळ नुसतं पांढरं पडतं म्हणून मी लेन्सवर पिवळा फिल्टर चढवला, आणि गावात पोचेपर्यंत पहिला रोल संपवून टाकला.

गावात कुसुमची सगळ्यात लाडकी बाई म्हणजे गयाबाई. पंचविशीची, बोलायला लागली की मध्ये श्वास न घेणारी. तिचं माळवदाचं घर, म्हणजे वर मातीचं सपाट छत, त्या दिवशी अर्धं अंगणात आलं होतं. पत्र्याची पेटी, डेग, पाट्या, गोधड्यांची बोचकी, आणि एका टोपलीखाली दोन कोंबड्या. दुसऱ्या दिवशी दिवस कलताना ट्रक येणार होता. गयाबाई आणि तिचा नवरा माणिक दर वर्षी दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. कुठे जाता म्हणून मी सहज विचारलं, तर माणिक म्हणाला, सांगलीकडं, नदीकाठच्या कारखान्याला. म्हणजे माझ्या घरापासून बसने पाऊण तासावर. मी मिरजेची म्हटल्यावर गयाबाई हातातलं बोचकं सोडून माझ्यासमोर येऊन बसली. मग भाकरी आली, मिरचीचा ठेचा आला, पिठलं आलं. आवराआवरीच्या गोंधळात पाहुण्यांसाठी चूल पुन्हा पेटवू नका असं आम्ही म्हणत राहिलो आणि ती थापत राहिली.

जेवताना तिची मुलगी सखू दारात उभी राहून माझ्या पिशवीकडे बघत होती. सहा वर्षांची. आत्तापर्यंत ती दर वर्षी आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायची.

"यंदा पोरीला संग न्हेत न्हाई," गयाबाई म्हणाली. "शाळंत नाव घातलंय. आत्यापशी ऱ्हाईल." आत्या म्हणजे तिची सासू, सोजराबाई. ती कोपऱ्यात शेंगा फोडत होती.

मग गयाबाईने मला विचारलं की त्या पिशवीतलं यंत्र खरं आहे का. खरं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग माजा अन् हिचा येक काढता का? दोघींचा मिळून, येकाच कागदावर. तिकडं संग ऱ्हाईल."

माणिकला ते पटलं नाही. तो म्हणाला की फोटो जवळ असला की पोर जास्तच आठवेल, कामात हात चालणार नाही. गयाबाईने त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, आठवू द्या. तो बैलाच्या दोरखंडाची गाठ बघायला गेला.

मी उठून कॅमेरा काढला. पहिला रोल संपलेला, म्हणून नवा भरायला घेतला. भोवती पंधरावीस माणसं जमली होती, एक शेळी पिशवीत तोंड घालत होती, वारा धूळ उडवत होता, आणि गयाबाईला पुन्हा कामाला लागायचं होतं. मी रोल बसवला, फिल्मची पुढची जीभ पलीकडच्या चाकाच्या खाचेत सरकवली, धूळ जाऊ नये म्हणून झाकण पटकन लावलं. मग एकशे पस्तीसची लेन्स लावून दोघींना दारासमोर उभं केलं. सखू आईच्या कमरेला बिलगली, गयाबाईने पदर सारखा केला, आणि दोघींनी तोंडं दगडासारखी केली. मी बारा फोटो घेतले. दहाव्याला शेळीने सोजराबाईच्या सुपातल्या शेंगांत तोंड घातलं आणि दोघी एकदम हसल्या. ते हसू मला भिंगातून अगदी जवळ दिसलं.

फोटो धुऊन तुमच्या कारखान्यावर आणून देईन, असं मी गयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, या, तिकडं आमचं घर उसाच्या पाचटाचं हाय, पर चहा मिळंल.

पूर्णा

तिसरा दिवस माझ्या खऱ्या कामाचा. कुसुमच्या ऑफिसातल्या शिपायाचा भाऊ दादाराव पूर्णेला इंजिनावर फायरमन आहेत. त्यांनी सुटीच्या दिवशी मला इंजिनं दाखवायचं कबूल केलं होतं आणि साहेबांची परवानगीही आधीच काढून ठेवली होती. सकाळच्या गाडीने मी एकटीच पूर्णेला उतरले. गाव सगळं रेल्वेचं. भोंगा वाजला की बायका भाजी फोडणीला टाकतात.

दादाराव बारीक चणीचे, गंभीर. त्यांनी मला यार्डात एकेक इंजिन असं दाखवलं जसं आपण पाहुण्यांना नातेवाइकांची ओळख करून देतो. हे तापट आहे, याला कोळसा फार लागतो, हे म्हातारं पण चढाला कधी दगा देत नाही. मी फोटो घेत सुटले. चाकं, शिट्टी, कोळशाने माखलेले हात, वाफेतून चालत येणारा एक सांधेवाला. तीन वाजता दोन इंजिनं जोडलेली लांब मालगाडी परभणीकडून येणार आहे, ती अलीकडे क्वचितच येते, तुमचं नशीब, असं दादाराव म्हणाले. माझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. म्हणजे एवढा एकच मोका.

दुपारी जेवायला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. त्यांची बायको यशोधराबाई मोकळ्या स्वभावाच्या. ताट वाढता वाढता त्यांनी पेटीतून वर्तमानपत्राचं एक जुनं कात्रण काढून दाखवलं. नामांतराच्या एका मोर्चाचा फोटो, माणसांची ही गर्दी. "आमचे हे लय पुढं होते म्हणून सांगतेत," त्या म्हणाल्या, "अन् फोटोत बघा, निस्ती पाठ." दादारावांनी गंभीरपणे खुलासा केला की फोटोवाला मागे उभा होता, त्यात त्यांचा काय दोष. मी म्हटलं, मी समोरून काढते. जेवण झाल्यावर दोघांना दारात बसवलं आणि खटका दाबला.

काउंटर बघितला तर त्रेचाळीस.

छत्तीस फोटोंच्या रोलमध्ये कधी कधी सदतीस निघतात, फार झालं तर अडतीस. त्रेचाळीस निघत नाहीत. मी रोल उलटा गुंडाळायचा खुंटा हळूच फिरवून बघितला. तो सैल फिरला, आत काही नसल्यासारखा. यशोधराबाईंकडे दोन जाड गोधड्या मागितल्या, खोलीचं दार लावलं, पलंगावर पालथी पडून दोन्ही गोधड्या डोक्यावरून घेतल्या आणि त्या अंधारात कॅमेऱ्याचं झाकण उघडून बोटांनी चाचपलं. फिल्मची जीभ होती तिथेच होती. खाचेत अडकलीच नव्हती. काल अंगणात झाकण लावल्यापासून रोल तसूभरही पुढे सरकला नव्हता. चाक रिकामंच फिरत होतं आणि काउंटर इमानेइतबारे आकडे मोजत होता. गयाबाईचे बारा फोटो, शेंगांचं हसू, सकाळपासूनची सगळी इंजिनं, आत्ताच दारात बसवलेलं जोडपं, यातलं काहीच कुठे उमटलं नव्हतं.

रोल भरल्यावर पहिल्या खटक्याला तो खुंटा फिरतो की नाही हे बघायचं, हे मी आमच्या हौशी फोटोग्राफी मंडळातल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवते.

गोधडीतून बाहेर आले तेव्हा घामाने भिजले होते. यशोधराबाईंनी आधी पाणी दिलं, मग काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. इंजिनांचं त्यांना फारसं वाटलं नाही, पण सखूचं आणि तिच्या आईचं ऐकून त्या माझ्याजवळ बसल्या. ट्रक कधी आहे, त्यांनी विचारलं. दिवस कलताना, मी म्हटलं. घड्याळात एक वाजून गेला होता. वाटेत पिंगळीला थांबणारी परभणीची पॅसेंजर दीडला होती. दोन इंजिनांची मालगाडी तीनला.

मी खरं तेच सांगते, मी लगेच उठले नाही. एवढ्या लांब, एवढ्या गाड्या बदलून मी त्या मालगाडीसाठीच आले होते. संध्याकाळच्या गाडीने पिंगळीला पोचलं तर ट्रक कदाचित असेलही, असं मी मनाशी म्हणत होते, आणि कदाचित हा शब्द मी किती सोयीने वापरतेय तेही मला कळत होतं.

"बाई," यशोधराबाई म्हणाल्या, "इंजिन कोणाची आई न्हाई."

दादाराव तोवर चपला घालून बाहेर उभे होते. धावत स्टेशनवर पोचलो. गाडी सुटली तेव्हा मी डब्यात बसून रोल नव्याने भरला आणि खुंटा फिरतोय की नाही ते दोनदा नाही, पाचदा बघितलं. रोल तसाच कोरा होता, तेवढं एक बरं.

आणि मग मिरखेलला गाडी थांबली ती थांबलीच. समोरून गाडी येतेय, ती गेल्याशिवाय सिग्नल मिळणार नाही, असं गार्ड फलाटावर शेंगा खात खात सांगत होता. मी खिडकीशी बसून सूर्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने लांबून धूर दिसला. दोन धूर. तीच मालगाडी. मी कॅमेरा उचलून दाराशी गेले. पण कॅमेऱ्याला एकशे पस्तीसची लेन्स होती आणि मालगाडी शेजारच्याच रुळावरून, दहा फुटांवरून गेली. लेन्स बदलेपर्यंत ती निघून गेली असती, म्हणून दिसेल ते टिपलं. त्या दुर्मिळ दोन इंजिनांच्या गाडीचा माझ्याकडे आज फोटो आहे. त्यात एक चाक आहे, सव्वा म्हटलं तरी चालेल.

पुन्हा पिंगळी

पिंगळीला उतरून मी त्या वाटेने जवळजवळ पळतच गेले. साडीचा काठ काट्यांनी फाटला तेही नंतर कळलं. अंगण लांबूनच रिकामं दिसलं. पेटी नाही, बोचकी नाहीत. मातीत टायरांच्या खुणा आणि कोंबड्यांची दोन पिसं. सोजराबाई ओट्यावर बसली होती. टोळीचा मुकादम दुपारीच ट्रक घेऊन आला, अजून दोन गावांची माणसं घ्यायची होती म्हणून, असं तिने सांगितलं. जाऊन दोन तास झाले होते.

सखू उंबऱ्यावर बसली होती. रडत नव्हती. मला बघून ती उठली आणि माझ्या पिशवीपाशी आली.

"आईचा फोटू दावा," ती म्हणाली.

ट्रकमध्ये चढताना गयाबाईने तिला समजावलं होतं की त्या बाईंकडे आपला फोटो आहे, रडू नको. मी तिच्यापुढे खाली बसले. फोटो असे लगेच दिसत नाहीत, धुवावे लागतात, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. सहा वर्षांच्या मुलीला पटलंही असतं. पण मग ती वाट बघत राहिली असती. मी म्हटलं, "तो फोटो आलाच नाही, सखू. माझी चूक झाली. मी रोल नीट बसवला नाही."

तिने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सांडला का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सांडला."

सांडणं तिला कळत होतं. तिच्याकडूनही दूध वगैरे सांडलं असेल आणि त्याबद्दल बोलणी बसली असतील. मग मी तिला विचारलं, तुझा एकटीचा काढू का, मी तो आईला नेऊन देईन, ती राहते तिथे, माझ्या गावाजवळ. आणि आईचा काढून तुला पाठवीन. तिने आजीकडे बघितलं. सोजराबाई उठली, तिला आत घेऊन गेली आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन, केस विंचरून, शाळेचा निळा फ्रॉक घालून बाहेर आणलं. सखूने पाटी छातीशी धरली होती. मला ती पाटी जरा खाली घ्यायला सांगायची होती, पण सांगितलं नाही.

ऊन तिरकं झालं होतं. नव्या कॅमेऱ्यावर माझा त्या दिवशी भरवसा राहिला नव्हता. त्याने चार घेतलेच, पण मग जुना खलबत्ता बाहेर काढला, त्यात रोल भरला, उजेड डोळ्यांनी मोजला आणि पन्नासच्या लेन्सने आणखी चार घेतले. पन्नासच्या लेन्सने माणूस मोठा करायचा तर त्याच्या जवळ जावं लागतं. मी इतकी जवळ गेले की सखूच्या श्वासाला शेंगांचा वास येत होता तो मला कळला.

सोजराबाईने मला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. पदरात दोन ओंजळी शेंगा घातल्या. परतीच्या गाडीत मी त्या फोडत बसले होते आणि कुसुमला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. कुसुमने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त फाटलेला काठ शिवायला सुई काढून दिली.

मिरज

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावून दोन्ही कॅमेऱ्यांचे रोल धुतले. सखूचे आठही फोटो आले होते. जुन्या कॅमेऱ्यातला तिसरा सगळ्यांत चांगला. पोस्टकार्डाएवढ्या दोन प्रती केल्या.

पुढच्या रविवारी नदीकाठच्या बसने निघाले. या रस्त्याने मी वर्षानुवर्षं जाते. दर हंगामात रस्त्याकडेला पाचटाच्या कोप्यांची गावं उभी राहतात, झोपडीला झोपडी लागून, आणि उन्हाळ्यात नाहीशी होतात. खिडकीतून मी ती शेकडो वेळा बघितली आहेत. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर उभं राहून, लांबून, उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायकांचा एक फोटोही मी काढला होता. मावळतीचं ऊन, काळ्या आकृत्या, कुणाचाच चेहरा दिसत नाही असा. आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला होता. त्या बायका कुठल्या हे मी विचारलं नव्हतं.

आता पहिल्यांदाच बसमधून उतरून त्यांच्यात शिरले. परभणीकडचं कोणी आहे का, विचारत विचारत तिसऱ्या वस्तीवर माणिकचं नाव सांगणारा माणूस भेटला. दोघं फडात होती. गयाबाई मोळी बांधत होती. कुसळांनी हात ओरखडले होते आणि तोंड इतकं काळवंडलं होतं की आधी मला तीच ओळखू आली नाही. तिने मात्र लांबूनच ओळखलं.

तिने पाण्याने हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो दोन्ही कडांना धरून घेतला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. दोघींचा मिळून आला नाही, चूक माझी, मी आले तेव्हा ट्रक गेला होता. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिची नजर फोटोवरून हलली नाही. माणिक तिच्या खांद्यावरून बघत होता, तिच्याहूनही जास्त वेळ. मग कोयता उचलून परत गेला आणि चार पावलांवरून मागे वळून त्याने विचारलं की यातला अजून एक मिळेल का. मी दुसरी प्रत काढून दिली. ती त्याने टोपीत ठेवली.

"भांग वाकडा पाडलाय," गयाबाई म्हणाली.

मी वाकून बघितलं. आठ फोटो धुतले, प्रत्येक फोटो भिंगाखाली तपासला, उजेड बघितला, नेमकेपणा बघितला, आणि हे मला दिसलं नव्हतं. सखूचा भांग कपाळाच्या मध्यावरून निघून डाव्या कानाकडे गेला होता. गयाबाई हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावून तशीच बराच वेळ उभी राहिली. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

मग कबूल केलं होतं तसा तिने चहा दिला. सखूसाठी तिचा फोटो घ्यायचा होता. मी सवयीने एकशे पस्तीसची लावली, तर ती म्हणाली, "निस्तं तोंड नगं. समदी कोपी दिसू द्या. आई कुठं निजती ते तिला कळाया पायजे." मी ती लेन्स काढली, अठ्ठावीसची लावली, रोलचा खुंटा बघितला. गयाबाई तोंड धुऊन, कुंकू लावून कोपीच्या दाराशी उभी राहिली. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची टोपली, मागे उभा ऊस. सगळं एका नजरेत मावलं.

निघताना तिने विचारलं की फोटोच्या मागे लिहिता येतं का. येतं म्हटल्यावर तिने काय लिहायचं ते सांगितलं, आणि मी विसरेन म्हणून दोनदा सांगितलं.

तो फोटो मी सखूच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवला आहे, गुरुजी वाचून दाखवतील म्हणून. पाठीमागे गयाबाईचे शब्द जसेच्या तसे लिहिले:

"आत्याबाई, सखूच्या केसाला आदी पानी लावा, मग भांग पाडा. ती लय हलती. तिला दोन्ही गुडघ्यांत धरून बसा."